लेटन्सी (घरगुती ध्वनिमुद्रणातील विलंब)

लेटन्सी : माइकपुढे काढलेला आवाज संगणकात शिरून, सॉफ्टवेअरमधून फिरून पुन्हा हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंत जाणारा वेळ. हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारी तीन : गाताना स्वतःचा आवाज मागून येतो, वाजवलेली गिटार परत ऐकताना ठेक्याच्या मागे पडलेली असते, आणि मध्येच कडकड ऐकू येते. तिन्हींचे मूळ लेटन्सीपाशीच असते, पण दुखणी तीन वेगळी आहेत. पहिला ऐकू येणारा उशीर, दुसरा फाइलमध्ये नोंदला जाणारा उशीर, आणि तिसरी म्हणजे उशीर कमी करताना संगणकावर पडलेल्या ताणाची खूण. एकाचे औषध दुसऱ्याला दिले की दिवस वाया जातो. फाइलमधला उशीर काढण्यासाठी बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) कमी करत बसणे ही त्यातली सर्वांत जास्त होणारी चूक.

हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे. टेप रेकॉर्डरमध्ये ध्वनी नोंदणारे हेड आणि ऐकवणारे हेड शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या जागी असत. त्यांच्यात २ इंच अंतर आणि टेपचा वेग सेकंदाला १५ इंच धरला, तर जुना ट्रॅक ऐकत नवा भरणारा कलाकार १३३ मिलिसेकंद मागे पडे. ॲम्पेक्स कंपनीने १९५०च्या दशकात यावर तोडगा काढला : जुना ट्रॅक नोंदणाऱ्या हेडवरूनच ऐकवायचा. आज सॉफ्टवेअर हेच काम आकडेमोडीने करते.

उशीर कुठे लागतो

संगणक आवाजाचा एकेक नमुना (सॅम्पल) सुटा हाताळत नाही, घास करून खातो. या घासाला बफर म्हणतात आणि त्याचे माप सॅम्पलमध्ये देतात. बफरमधले सॅम्पल भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल घेतले जातात तो आकडा, हर्ट्झमध्ये), एवढा एका घासाचा वेळ. ४४,१०० हर्ट्झला ६४ सॅम्पलचे १.५ मिलिसेकंद होतात, १२८चे २.९, २५६चे ५.८, ५१२चे ११.६ आणि १०२४चे २३.२. आत येताना एक घास भरावा लागतो आणि बाहेर जाताना दुसरा, म्हणून जाऊन-येऊन हिशेब किमान दुप्पट. त्यावर ऑडिओ इंटरफेसमधल्या (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारी पेटी) दोन्ही कन्व्हर्टरचे (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारे भाग) मिळून साधारण एक-दोन मिलिसेकंद चढतात. शिवाय ड्रायव्हर (उपकरण आणि कार्यप्रणाली यांच्यातला दुवा असलेला प्रोग्राम) स्वतःच्या सुरक्षेसाठी थोडे सॅम्पल राखून ठेवतो, आणि तो आकडा सेटिंगच्या खिडकीत बरेचदा दिसत नाही. त्यामुळे १२८ हाच बफर ठेवूनही दोन इंटरफेसची खरी लेटन्सी वेगळी निघते.

सॅम्पल रेट ९६,००० केला की १२८ सॅम्पलचा घास १.३ मिलिसेकंदांवर येतो. मात्र तेवढ्याच वेळात प्रोसेसरला दुप्पट काम करावे लागते आणि लगेच बफर वाढवण्याची पाळी येते. केवळ लेटन्सीसाठी सॅम्पल रेट वाढवण्यात फारसे हशील नाही.

किती उशीर चालतो

हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे साडेतीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरसमोर वाजवणारा माणूस १० मिलिसेकंदांचा उशीर बिनतक्रार सोसत असतो. की-बोर्ड किंवा गिटार वाजवणाऱ्याला १० मिलिसेकंदांपर्यंत सहसा अडचण येत नाही. २०-३०च्या पुढे हात आपोआप मागे रेंगाळतो आणि लय पडते. गाणाऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो आणि तोच आवाज हेडफोनमधून उशिरा येऊन त्यात मिसळतो. त्यामुळे तीन-चार मिलिसेकंदांतही आवाज पोकळ लागतो, उशीर म्हणून जाणवत नसला तरी. सूर सापडत नाही अशी तक्रार करणाऱ्या गायकाच्या हेडफोनमधली लेटन्सी आधी तपासावी, मग रियाजाकडे बोट दाखवावे.

ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला चालत नाहीत. त्यांचा स्वतःचा उशीरच बहुधा १००-२०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक असतो आणि बफरच्या कोणत्याही सेटिंगने तो कमी होत नाही. वर, त्यांचाच माइक निवडला तर जोडणी फोन-संभाषणाच्या पद्धतीवर उतरते आणि ऐकण्याचा दर्जाही घसरतो. तारेचे हेडफोन घ्यावेत. कानावर नीट बसणारे, बंद पाठीचे असावेत, म्हणजे ठेक्यासाठी लावलेला क्लिक माइकमध्ये गळत नाही.

ऐकू येणारा उशीर

आधी ड्रायव्हर पाहावा. विंडोजवर एमएमई किंवा डायरेक्टसाउंड निवडलेले असेल तर आवाज कार्यप्रणालीच्या मिक्सरमधून जातो आणि उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या घरात जाऊ शकतो. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली आसिओ ही पद्धत हा मिक्सर टाळून थेट इंटरफेसशी बोलते. इंटरफेसच्या निर्मात्याचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर असेल तर तोच टाकावा. आसिओफोरऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे, तो स्वतःचा ड्रायव्हर नसलेल्या साउंड कार्डासाठी. दोन्ही एकत्र ठेवून कधी हा, कधी तो निवडत राहिल्यास ‘डिव्हाइस दुसऱ्याच्या ताब्यात आहे’ अशा अर्थाच्या चुका येऊ लागतात. आसिओ अजिबात नसेल तर विंडोजच्याच वासापी या पद्धतीचा एक्सक्लुझिव्ह मोड बरा. मॅकवर कोअर ऑडिओ ही अंगभूत पद्धत मुळातच चांगली आहे. लिनक्सवर अल्सा या मूळ ध्वनिव्यवस्थेच्या वर जॅक किंवा पाइपवायर हे प्रोग्राम चालवतात. तिथे १२८ फ्रेम (म्हणजे सॅम्पल), २ पीरियड (म्हणजे असे दोन घास) आणि ४८,००० हर्ट्झ अशी मांडणी ५.३ मिलिसेकंद देते.

सर्वांत निर्धोक उपाय मात्र सॉफ्टवेअरबाहेर आहे : डायरेक्ट मॉनिटरिंग. इंटरफेसवर ‘डायरेक्ट’ असे लिहिलेले बटण किंवा ‘इनपुट–प्लेबॅक’ असा खुंटा असतो. तो वापरला की माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनकडे वळतो. मग बफर ५१२ असला तरी गाणाऱ्याला फरक पडत नाही. यात एक पथ्य आहे. त्याच वेळी सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचे मॉनिटर बटण (आत येणारा आवाज ऐकवणारे) बंद हवे. दोन्ही चालू राहिले तर आवाज दोनदा ऐकू येतो, आणि मधला फरक १० मिलिसेकंदांचा असेल तर ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा ओळीने काही स्वरांश एकमेकांना मारतात. पत्र्याच्या नळीतून गायल्यासारखा आवाज येतो तो यामुळे. माइक बिघडला समजून माणसे माइक बदलतात, आणि नव्या माइकमधूनही तसाच आवाज येतो. गाताना थोडा रिव्हर्ब (घुमारा) हवा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये फक्त रिव्हर्ब ऐकू येईल, मूळ आवाज नाही, अशी जोडणी करावी. रिव्हर्ब दहा मिलिसेकंद उशिरा आला तरी कानाला खटकत नाही.

गिटार ॲम्पची नक्कल करणारे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) किंवा सॉफ्टवेअरमधले वाद्य वाजवताना ही सोय नाही, कारण ऐकायचा आवाज संगणकातच तयार होतो. तिथे बफर ६४ किंवा १२८वर आणावाच लागतो. तरीही उशीर जाणवला तर मास्टर ट्रॅक (सगळे ट्रॅक एकत्र येतात तो) पाहावा. लिनिअर फेज इक्वलायझर (स्वरांशांचा तोल बदलणारा प्लगइन) किंवा पुढचा आवाज आधी डोकावून पाहणारा लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारा) स्वतःच वेळ खातो. ४,०९६ सॅम्पल घेणारा एक प्लगइन ४८,००० हर्ट्झला ८५ मिलिसेकंद घालतो, आणि बाकीचे ट्रॅक त्याच्याशी जुळते राहावेत म्हणून सॉफ्टवेअर सगळ्यांनाच तेवढे थांबवते. रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत असे प्लगइन बंद ठेवावेत. क्यूबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन’ आणि लॉजिकमध्ये ‘लो लेटन्सी मोड’ असे बटण दिलेले आहे.

कडकड

पुढचा घास तयार होण्याआधी आधीचा संपला की आवाजात खाच पडते. कानाला ती टिक्, चट् किंवा कडकड अशी लागते. लिनक्सवाले तिला एक्सरन म्हणतात. बफर दुप्पट केल्यावर ती थांबली तर कारण हेच. रेकॉर्डिंगला १२८ आणि मिक्सिंगला १०२४ अशी अदलाबदल करणे ही तडजोड मानू नये, तीच योग्य पद्धत आहे. मिक्सिंग करताना कोणी गात नसते, तेव्हा उशीर कोणाला बाधत नाही.

कधी कधी प्रोसेसरचा मीटर ३० टक्के दाखवतो आणि तरी कडकड येते. यात विसंगती काही नाही. एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगइन एकामागून एकच चालू शकतात, त्यांचे काम प्रोसेसरच्या अनेक कोअरमध्ये (स्वतंत्र भागांत) वाटता येत नाही. एक कोअर भरला, बाकीचे रिकामे. सरासरी ३० टक्के. शिवाय रीपरसारखी सॉफ्टवेअरे नुसत्या वाजणाऱ्या ट्रॅकची प्रक्रिया आगाऊ उरकून ठेवतात, पण रेकॉर्डसाठी सज्ज केलेल्या, मॉनिटरिंग चालू असलेल्या ट्रॅकला ती मुभा नसते. म्हणून लाल बटण दाबताच कडकड सुरू होते आणि सोडताच थांबते. अशा वेळी जड प्लगइन असलेले जुने ट्रॅक फ्रीझ करावेत (म्हणजे तयार आवाजात बदलून ठेवावेत) आणि मास्टरवरचे प्लगइन काढावेत.

बफर १०२४ करूनही अधूनमधून एखादा टिक् येत असेल तर दोष बहुधा दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरचा असतो. विंडोजवर लेटन्सीमॉन हे साधन दहा मिनिटे चालवले की कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते नावानिशी दिसते. वायफायचा ड्रायव्हर अनेकदा या यादीत असतो. रेकॉर्डिंगपुरते वायफाय बंद करावे, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवावा, यूएसबीचे ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे, आणि इंटरफेस हबमध्ये न लावता संगणकाच्या पोर्टमध्ये थेट लावावा. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, कारण बॅटरीवर प्रोसेसर आपला वेग उतरवतो.

नोंदीतला उशीर आणि लूपबॅक चाचणी

जुना ट्रॅक ऐकत नवा भरला की सॉफ्टवेअर ड्रायव्हरला उशीर विचारते आणि नवी नोंद तेवढी आधीच्या वेळेकडे सरकवते. ड्रायव्हर खोटा आकडा सांगत असेल तर प्रत्येक टेक (एका दमात केलेली नोंद) ठरावीक अंतराने चुकीच्या जागी बसतो. वाजवणाऱ्याने सम अचूक गाठलेली असते, फाइलमध्ये मात्र ती हुकलेली दिसते. कितीही रियाज केला तरी हे सुधारत नाही. मोजूनच सुधारते, आणि मोजायला एक केबल पुरते. बाहेर जाणारा आवाज पुन्हा आत आणणाऱ्या या मोजणीला लूपबॅक चाचणी म्हणतात.

सॉफ्टवेअरमध्ये ४८,००० हर्ट्झचे नवे प्रोजेक्ट उघडून एका ट्रॅकवर बरोबर १ सेकंदाला एक टोकदार क्लिक ठेवावा. ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकला दिली जाणारी वीज), डायरेक्ट मॉनिटरिंग आणि नव्या ट्रॅकचे मॉनिटर बटण ही तिन्ही बंद करावीत. मॉनिटर चालू राहिले तर आवाज गोल फिरून कानठळ्या बसवणारी शीळ उठते. इंटरफेसचा लाइन आउट केबलने लाइन इनला जोडावा, माइकच्या खोबणीत नको. आउटपुट खाली आणून हळूहळू वाढवावे आणि क्लिक रेकॉर्ड करावा. मग दोन्ही ट्रॅक इतके मोठे करून पाहावेत की लाटेऐवजी सुटे सुटे ठिपके दिसतील. मूळ क्लिकचा पहिला चढ आणि नोंदलेल्या क्लिकचा पहिला चढ, यांमधले सॅम्पल मोजायचे. नोंदलेला क्लिक ९६ सॅम्पल मागे असेल तर उशीर ९६ ÷ ४८ = २ मिलिसेकंद.

रीपरमध्ये हा आकडा ऑडिओच्या रेकॉर्डिंग सेटिंगमधल्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये भरतात. आर्डोरमध्ये मोजणीचे साधन आतच आहे. ऑडॅसिटीमध्ये ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ मुळात उणे १३० मिलिसेकंद ठेवलेले असते. त्यावरही नोंद ४० मिलिसेकंद मागे पडत असेल तर ते उणे १७० करायचे. आकडा भरल्यावर चाचणी पुन्हा घ्यावी. फरक शून्य होण्याऐवजी दुप्पट झाला तर चिन्ह उलटे पडले आहे, तेवढे बदलावे. ड्रायव्हर, सॅम्पल रेट किंवा बफर बदलल्यास मोजणी पुन्हा करावी लागते.

वाढत जाणारा फरक

उशीर ठरावीक नसून गाणे पुढे जाईल तसा वाढत असेल, तर ती लेटन्सी नव्हे. यूएसबी माइक आणि साउंड कार्ड अशी दोन उपकरणे एकदम वापरली की दोघांची घड्याळे वेगळी चालतात. दहा लाखांत ५० एवढा फरकही पाच मिनिटांत १५ मिलिसेकंदांवर जातो. शक्यतो आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज एकाच इंटरफेसमधून न्यावा. मॅकवर दोन उपकरणे एकत्र जोडताना ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करता येते. गाणे वेगात आणि सुमारे दीड अर्धस्वर वर वाजत असेल तर दोष आणखी वेगळा : ४४,१००ची फाइल ४८,००० समजून वाजवली जात आहे. तेव्हा फाइल, प्रोजेक्ट आणि इंटरफेस या तिघांचा सॅम्पल रेट एक करावा.

फोन किंवा कॅमेऱ्यावर वेगळे चित्रण करून आवाज नंतर जुळवायचा असेल, तर दोन्ही यंत्रे चालू झाल्यावर एक टाळी सुरुवातीला आणि एक अगदी शेवटी वाजवावी. पहिल्या टाळीवर दोन्ही नोंदी जुळवल्या की दुसऱ्या टाळीतले अंतर म्हणजे घड्याळांतला एकूण फरक. तो १० मिलिसेकंदांच्या आत असेल तर सोडून द्यावा. जास्त असेल तर वेगळी नोंदलेली फाइल तेवढीच ताणावी किंवा आवळावी. सूर हलू न देता ताणण्याची सोय वापरली नाही तरी चालते, कारण एवढ्या फरकाने सूर बदललेला कानाला कळत नाही.