भूकंपनिरीक्षण, महाराष्ट्र राज्याचे (पुणे व पश्चिम महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील स्थानिक भूकंपांची नोंद, पृथक्करण व अभ्यास यांसाठी राज्य शासनाने उभारलेली यंत्रणा. ती मुख्यतः जलसंपदा विभागाच्या (पूर्वीचे पाटबंधारे खाते) अखत्यारीत असून तिचे काम नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेमार्फत (‘मेरी’, स्थापना 1959) चालते. यंत्रणेचे कार्यालय नाशिकला असले, तरी तिची जडणघडण बऱ्याच अंशी पुण्यात झाली. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, शिवाजीनगरची वेधशाळा, महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा या संस्था पुण्यात आहेत आणि या विषयाशी त्यांचा कमीअधिक संबंध येतो.

भूकंपाचे काम पाटबंधारे खात्याकडे का, हा प्रश्न साहजिक आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत भूवैज्ञानिक सर्वेक्षण व हवामानविषयक संघटना संघसूचीत (नोंद 68) येतात. पाणी, पाणीसाठा व जलविद्युत हे विषय राज्यसूचीत (नोंद 17) आहेत. भूकंपविज्ञान म्हणून जे आहे ते केंद्राकडे आणि धरणाच्या पायथ्याशी जे हलते ते राज्याकडे, अशी विभागणी त्यातून व्यवहारात रूढ झाली. राज्याच्या भूकंपमापक यंत्रांच्या जाळ्याचा आकार, त्यातील दाट जागा आणि विरळ जागा या सर्वांचा उलगडा या विभागणीतून बऱ्यापैकी होतो.

पूर्वपीठिका. यंत्रांपूर्वीच्या काळासाठी थॉमस ओल्डम यांच्या 1883 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय भूकंपांच्या सूचीचा आधार घेण्याची प्रथा आहे. 1618 साली मुंबई-वसई भागात झालेल्या मोठ्या हानीची नोंद काही सूचींत भूकंप म्हणून येते. मात्र वर्णनातील वारा व समुद्राचे उधाण पाहता ते वादळ असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पश्चिम घाटातील अठराव्या शतकातल्या काही धक्क्यांच्या नोंदीही अशाच सावधपणे वापराव्या लागतात.

यंत्राने नोंद घेण्यास 1899 च्या सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मिल्न भूकंपमापक बसल्यावर सुरुवात झाली. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यास आले (शिवाजीनगरच्या इमारतीला जुने पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात) आणि 1944 मध्ये दिल्लीस गेले. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या पुढाकाराने जगभर एकसारखी यंत्रे बसवण्यात आली, त्यात पुण्याचाही समावेश होता. अणुस्फोट ओळखण्याची गरज हे त्या जाळ्यामागचे एक प्रमुख कारण होते. पुण्याचे हे यंत्र दूरदेशीच्या हालचालींसाठी होते. सह्याद्रीतल्या बारीक धक्क्यांसाठी वेगळी सोय लागणार होती.

ती सोय खडकवासल्याने केली. तेथील संशोधन केंद्राचा उगम 1916 मध्ये मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे कामांसाठी झाला. 1936 च्या सुमारास ते केंद्र सरकारकडे गेले. कोयनेचा शिवाजीसागर जलाशय 1962 च्या आसपास भरू लागल्यावर धरणाजवळच्या वस्त्यांत जमिनीतून गडगडाट व हादरे जाणवू लागले. तेव्हा या केंद्राच्या मदतीने कोयनानगर, गोवळकोट, सातारा व महाबळेश्वर अशा चार ठिकाणी यंत्रे बसली. राज्यातील स्थानिक भूकंपनिरीक्षणाचा आरंभ येथून धरण्यास हरकत नाही.

कोयना भूकंप. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर हादरले. त्याआधी सप्टेंबरमध्ये 5 महत्तेच्या (महत्ता म्हणजे भूकंपाच्या आकाराचे माप) पुढचा एक धक्का येऊन गेला होता. मृतांचा आकडा 177 ते 200 असा वेगवेगळा दिला जातो. भूकंपाच्या आकाराबाबतही एकवाक्यता नाही: खडकवासल्याच्या एस. के. गुहा व सहकाऱ्यांनी तो 7 च्या घरात धरला, तर नंतरच्या लेखनात 6.3 हा आकडा स्थिरावला. सध्या दुसराच स्वीकारला जातो.

धरणाच्या बांधकामातील एका गॅलरीत त्या पहाटे त्वरणमापक (हादऱ्याचे त्वरण मोजणारे यंत्र) चालू होते. धरणाच्या अक्षाला समांतर दिशेत गुरुत्वाच्या 0.63 पट, आडव्या दिशेत 0.49 पट आणि उभ्या दिशेत 0.34 पट इतके महत्तम त्वरण त्यावर उमटले (दिशांची नावे निरनिराळ्या लेखनांत उलटसुलट आढळतात). काँक्रीटच्या धरणांचे गणित तपासण्यासाठी हा आलेख जगभर वापरला जातो. सांडव्याबाहेरच्या उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या. पुढे त्या भागाला मागील अंगाने आधार देण्यात आला. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण मात्र 2006 पर्यंत लांबले.

कारणमीमांसा. कोयना हा भाग तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीने जवळपास निर्धोक मानला जाई. त्यामुळे धक्का जलाशयाच्या भाराने आला की मुळातच भूगर्भात होता, यावर लगेच दोन तट पडले आणि ते बराच काळ टिकले.

एका पक्षाच्या मते, दख्खनच्या बेसाल्ट थरांखाली जुने विभंग (खडक जिथे सरकतात त्या भेगा) दडलेले असून हालचाल त्यांवर झाली. जलाशय हा योगायोग. कोकणपट्टीतील गरम पाण्याच्या झऱ्यांची रांग या मताच्या पुष्ट्यर्थ दाखवली जाई. 1973 मध्ये कृष्ण ब्रह्मम व नेगी यांनी गुरुत्वमापनावरून बेसाल्टखाली कोयना व कुर्डुवाडी अशा दोन खचदऱ्या (विभंगांमधला भाग खचून झालेल्या दऱ्या) असाव्यात असे मांडले, आणि काही वर्षे नकाशांवर त्या जणू पाहिल्याप्रमाणे काढल्या जाऊ लागल्या.

दुसरा पक्ष जलाशयाचा. गुहा यांनी प्रथमपासून पाण्याची पातळी आणि धक्क्यांची संख्या यांचा संबंध मांडला. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता व सहकाऱ्यांनी तो अधिक रेखीव केला. पावसाळ्यात जलाशय भरत असताना व त्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढतात. पातळी आठवड्यात सुमारे 12 मीटर वा त्याहून अधिक चढणे ही 5 च्या पुढच्या धक्क्यासाठी आवश्यक, पण एकटी अपुरी अट आहे. आणि पातळी पूर्वीच्या कमाल पातळीच्या वर गेल्यास शक्यता वाढते, असे हे प्रतिपादन. वारणेच्या चांदोली जलाशयात 1985 पासून पाणी साठू लागल्यावर भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले आणि 8 डिसेंबर 1993 व 1 फेब्रुवारी 1994 रोजी 5 च्या पुढचे धक्के बसले. हा पुरावा दुसऱ्या पक्षाला फार बळ देतो. 1967 पासून या लहानशा क्षेत्रात 5 वा त्याहून मोठे 20 हून अधिक धक्के नोंदले गेले आहेत. इतका दीर्घकाळ चाललेले जलाशयाजवळचे उदाहरण अन्यत्र सापडत नाही.

आजचे सर्वसाधारण मत मधले, तरी जलाशयाकडे झुकणारे आहे: विभंग व त्यांवरील ताण आधीचेच, पाण्याचा भार आणि खोल भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी त्यांना केवळ शेवटचा धक्का दिला. खचदरीच्या कल्पनेला वेधनाने मोठा तडा गेला. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या प्रकल्पात पाटण तालुक्यातील गोठणे येथे डिसेंबर 2016 ते जून 2017 या काळात सुमारे 3 किमी खोल छिद्र घेण्यात आले. त्यात सुमारे 1,247 मीटर बेसाल्टनंतर थेट ग्रॅनाइट-नाइस (पायाचा खडक) लागला, मध्ये गाळाचे खडक नव्हते. खचदरी असती, तर तिचा तळ गाळाने भरलेला आढळणे अपेक्षित होते. या प्रकल्पाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाची येथे आहे. हा सर्व खर्च व मनुष्यबळ केंद्राचे असले, तरी राज्याच्या यंत्रांनी अनेक दशके जमवलेल्या नोंदींवाचून छिद्राची जागा ठरवणे अवघड गेले असते.

वेधशाळेतील काम. जुन्या पद्धतीत ढोलावर काजळी धरलेला कागद गुंडाळून त्यावर सुई टेकवली जाई. ढोल सावकाश फिरे आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटे. दर मिनिटाला रेघेत लहानशी खूण पडे. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी कागद बदलून तो लाखेच्या द्रावात बुडवून वाळवत, म्हणजे काजळी पुसली जात नसे. कागद बदलताना बोट लागले, तर तेवढ्या भागाचा भूकंप गेला म्हणून समजायचे.

स्थानिक धक्क्याचे अंतर काढण्याची युक्ती सोपी आहे. पहिली (प्राथमिक) लाट आणि दुसरी (दुय्यम) लाट यांच्या आगमनातील सेकंदांना 8 ने गुणले, की साधारण किलोमीटर मिळतात. पुणे ते कोयना सरळ अंतर सुमारे 125 किमी. तेव्हा पुण्याच्या आलेखावर दोन लाटांत 15 ते 16 सेकंदांचा अवकाश दिसला, की धक्का कोयनेचा असण्याची शक्यता प्रथम तपासतात. दिशा मात्र एका यंत्रावरून खात्रीने ठरत नाही. निदान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात आणि खोली नेमकी हवी असेल, तर एखादे यंत्र अगदी जवळ असावे लागते. म्हणूनच अलोरे, वारणावती, मराठवाडी यांसारख्या जवळच्या ठिकाणांची भर पडत गेली. अंकीय यंत्रे आल्यापासून कागद व लाख दोन्ही गेले.

धक्क्यानंतर वृत्तपत्रांत येणारा मजकूर या यंत्रणेची ओळख चांगली करून देतो. केंद्रबिंदू कोयना धरणापासून किंवा जवळच्या हेळवाक गावापासून अमुक किलोमीटर, अमुक दिशेला. आणि शेवटी, ‘धरण सुरक्षित आहे’. अंतर बहुधा धरणापासून मोजण्याची ही सवय खात्याच्या प्राधान्याचीच निदर्शक आहे.

भातसा. ठाणे जिल्ह्यातील भातसा जलाशयाच्या परिसरात 1983 च्या पावसाळ्यात धक्क्यांची मालिका झाली. 15 सप्टेंबरचा धक्का 5 च्या जवळपास होता. कोयनेची कार्यपद्धती येथे प्रथमच दुसऱ्या धरणाला लागू झाली.

किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत 6.2 महत्तेचा भूकंप झाला. शासकीय नोंदीनुसार मृतांची संख्या 7,928. इतरत्र ती याहून बरीच अधिक दिलेली आढळते. यापूर्वी 1992 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये किल्लारीत धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. त्यातला ऑक्टोबरमधील एक 4 च्या वर होता. गावकऱ्यांनी घाबरून तक्रारीही केल्या. परंतु राज्याचे जाळे सह्याद्रीतील धरणांभोवती विणलेले होते आणि मराठवाड्याच्या त्या कोपऱ्यात धक्क्यांची जागा व खोली सांगू शकेल असे जवळचे यंत्र नव्हते.

किल्लारीच्या कारणांवरही मतभेद झाले. जवळच्या तेरणा प्रकल्पाच्या पाण्याकडे काहींनी बोट दाखवले. तथापि हे मत फारसे मान्य झाले नाही. किल्लारीच्या वेधनात सुमारे 338 मीटर बेसाल्टखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर व त्याखाली पायाभूत खडक लागला. भूकंप-अभ्यासक सी. पी. व कुशला राजेंद्रन यांनी किल्लारी व धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील पाहणीवरून या भागात प्राचीन काळीही भूकंप झाले असावेत असे सुचवले. तेरच्या हालचालीचा काळ इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक असा अंदाजे धरला जातो, पण तेथे आढळलेला विटांच्या बांधकामातील विस्कळीतपणा केवळ भूकंपामुळेच होतो असे नाही.

शासनाच्या दृष्टीने किल्लारीने दोन गोष्टी बदलल्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमामुळे आपत्ती व्यवस्थापन हे महसूल यंत्रणेचे नियमित काम बनले. त्याचे प्रशिक्षण पुण्यात बाणेर रस्त्यावरील यशदा या राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत होऊ लागले. दुसरे, भारतीय मानक क्रमांक 1893 (भूकंपरोधक संरचनेचे मानक) याच्या 2002 मधील आवृत्तीत भूकंपक्षेत्रांची फेरआखणी झाली. त्या आवृत्तीनुसार कोयना परिसर क्षेत्र 4 मध्ये, तर पुणे, मुंबई व लातूर त्याहून कमी धोक्याच्या क्षेत्र 3 मध्ये आले. पुण्यातील इमारतींच्या संरचनेसाठी हे मानक पाळावे लागते.

इतर क्षेत्रे. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. तेथे तातडीने यंत्रे नेली ती केंद्रीय संस्थांनी. हिंगोली जिल्ह्यात 21 मार्च व 10 जुलै 2024 रोजी प्रत्येकी 4.5 महत्तेचे धक्के नोंदले गेले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांत जमिनीतून येणाऱ्या आवाजांच्या तक्रारी त्याआधीपासून आहेत. अशा आवाजांची पाहणी करताना विहिरींची पातळी हा पहिला मुद्दा असतो, म्हणून भूजल यंत्रणेला बोलावले जाते. बेसाल्टच्या भेगांत पाणी शिरताना वा उतरताना आवाज होऊ शकतो हे खरे. तथापि तेच उत्तर सगळीकडे लावण्याची पद्धत योग्य नाही. यंत्र बसवल्यावर काही गावांत प्रत्यक्ष सूक्ष्म धक्के सापडतात. विदर्भाबाबत नोंदी त्रोटक आहेत.

कायदेशीर स्थिती. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र 2014 मध्ये हवामान खात्यापासून वेगळे होऊन पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली आले. सर्वसामान्यांना मोबाइलवर मिळणारी माहिती त्याचीच असते. त्याचे व ‘मेरी’चे आकडे एकाच धक्क्यासाठी दशांशात वेगळे असू शकतात, कारण यंत्रांची अंतरे व गणिताची सूत्रे वेगळी असतात. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 नुसार 30 मीटर वा अधिक उंचीच्या अथवा विनियमांत ठरवलेल्या भूकंपक्षेत्रांतील धरणांवर भूकंपमापन केंद्र उभारण्याची जबाबदारी धरणाच्या मालकावर येते. पुण्याच्या पश्चिमेकडील पानशेत व वरसगाव ही धरणे जलसंपदा विभागाची, तर मुळशी हे टाटा समूहाचे आहे. त्यामुळे एकाच जिल्ह्यात हे कर्तव्य शासन व खाजगी मालक यांच्यात वाटले गेले आहे.