घोंगडीच्या मागावर पंजा नसतो

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात घरांच्या माळ्यांवर विणकामाची जुनी हत्यारं अजून सापडतात. ती ओळखताना सगळ्यात मोठा घोळ 'फणी' या शब्दाचा होतो. मागाची फणी म्हणजे वेळूच्या पातळ काड्या दोन्ही कडांना बांधून केलेली चौकट. ताण्याचे, म्हणजे उभे, दोरे तिच्या फटींतून ओवतात. कानडीत केसांची फणीही 'हणिगे' आणि मागाचीही 'हणिगे'च. सीमाभागात दोन्ही भाषा एकाच ओसरीवर चालतात, त्यामुळे दात दिसले की फणी, असं होऊन बसलं आणि मुठीचा लोखंडी पंजाही त्यात गेला.

फरक सोपा आहे. फणीच्या फटी वरखाली बंद असतात, पंज्याचे दात एका टोकाला मोकळे. पंजा जमखान्याचा. शेजारच्या धारवाड जिल्ह्यात नवलगुंदच्या बायका उभ्या मागावर जमखाने विणतात, तिथे आडवा दोरा पंज्याने ठोकून बसवतात. जमखान्यात आडवा दोरा ताण्याला झाकतो. घोंगडीत उलट, ताणा दाट आणि आडवा दोरा आत दडलेला. त्या केसाळ ताण्यात दात घातले की लोकर अडकते, दोरा तुटतो. म्हणून तिथे तलवारीसारखी गुळगुळीत लाकडी पट्टी वापरत. ती आडवी सरकवायची, उभी करून ताणा उघडायचा आणि दोन्ही हातांनी ठोकायचं. पंज्याला 'धनगरी घोंगडीचं हत्यार' अशी चिठ्ठी लावून विकणं साफ चूक आहे.

धनगरांनी मेंढ्या कातरायच्या, सूत काढायचं, सणगरांनी विणायचं, ही जुनी वाटणी. ती मोडली अलीकडेच. पानिपतची स्वस्त ब्लँकेटं आली, मटणाच्या भावामुळे लोकर न देणाऱ्या मेंढ्या कळपात शिरल्या, कोकरांची पहिली मऊ लोकर, म्हणजे जावळ, मिळेनाशी झाली. खड्डामाग बुजले. हत्यारं आधी चुलीत गेली, आता हॉटेलांच्या भिंतींवर जातात, तीही पॉलिश मारून. त्या पॉलिशखाली खुणा मरतात. खऱ्या पट्टीची ठोकायची कड हाताच्या घासणीने गुळगुळीत झालेली असते. ताण्याला खळ लावायच्या कुंच्याच्या मुळाशी चिंचोक्याच्या खळीचा कडक थर असतो. तो खरवडू नये, पण किडा लागलाय का ते बघावं.

हत्यार वापरायचंच असेल, तर पट्टीला तेल लावू नका. लोकरीची धूळ चिकटते, घोंगडीला डाग पडतात. कडेला बारीक पॉलिश पेपर फिरवून थोडं मेण पुरे. पंज्याच्या दातांवरचा गंज काढून खरखर कानशीने घालवा. दातांमधल्या एका फटीत ताण्याचा एक दोरा सैल बसायला हवा. फट अरुंद असेल, तर सूत घासून तुटतं. आणि आडवा दोरा सरळ ओढून न घेता कमानीसारखा सैल सोडून मग ठोका, नाहीतर जमखान्याच्या कडा दर वितीला आत खेचल्या जातात.