लिंबाचा गार चहा आणि सोलापूरचं पाणी

फ्रीजमधून बाटली काढली आणि मला वाटलं, चहा नासला. रात्री गाळून भरला तेव्हा तांबूस आणि स्वच्छ होता, बाटलीतून पलीकडची खिडकी दिसत होती. सकाळी तोच चहा गढूळ, पहिल्या पावसात ओढ्याला येतं तसल्या पाण्यासारखा. वास घेतला तर ठीक. चव घेतली तर तुरट, पण आंबलेली नाही. टाकून द्यावा की काय या विचारात बाटली ओट्यावरच राहिली आणि मी कामाला लागले. दुपारी पाहते तर एप्रिलच्या सोलापुरी उष्म्याने चहा बराचसा निवळला होता.

गार केल्यावर गढूळ आणि कोमट झाल्यावर स्वच्छ, म्हणजे हा चहा नासलेला नव्हता. हिरव्या पानापासून काळा चहा बनतो तेव्हा पानातली कॅटेचिन नावाची द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून एकमेकांना जोडली जातात. त्यातून थिअफ्लेविन आणि थिअरुबिजिन तयार होतात. पहिल्यामुळे चहाला सोनेरी झाक आणि तरतरी येते, दुसऱ्यामुळे लालसर तपकिरी रंग. गरम पाण्यात ही द्रव्यं आणि कॅफीन सुटीसुटी फिरत असतात. पाणी गार झालं की ती एकमेकांना धरतात, त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजके पुरेसे मोठे झाले की त्यांच्यावर प्रकाश विखुरतो. आपल्या डोळ्यांना तो गढूळपणा दिसतो. चहाच्या धंद्यातली माणसं याला ‘टी क्रीम’ म्हणतात. यात दुधाचा थेंबही नसतो. जाणकार चहा पारखताना हे क्रीम आलं तर खूश होतात, कारण ते दमदार चहाचं लक्षण आहे. गार प्यायचा असेल तेव्हा मात्र ते आपल्याला नको असतं.

चहा जितका कडक, तितका तो गढूळ होतो. म्हणून कोरा कडक काढा करून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि लागेल तसा पाण्यात मिसळायचा, ही माझी पहिली युक्तीच चुकीची होती. चहा प्यायच्या दाटपणाचाच करावा आणि घरातल्या हवेवर निवल्याशिवाय फ्रीजमध्ये ढकलू नये. एवढं करूनही गढूळ झालाच तर उकळत्या पाण्याचा एक झोत घालावा, बहुतेक वेळा तो निवळतो. आणि नाही निवळला तरी प्यायला काहीही हरकत नाही.

दुसरं कारण आमच्या पाण्यात होतं. सोलापूरला प्यायचं पाणी उजनी धरणातून, सुमारे शंभर किलोमीटरवरून येतं आणि नळाला ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत ज्याच्याकडे बोअर आहे तो बोअरचं वापरतो. आपल्याखाली काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उचलत येतं. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला जे पांढरं पुट बसतं, गीझरची कॉइल ज्याने खराब होते, ते हेच. कॅल्शियम चहातल्या पुंजक्यांनाही एकत्र यायला मदत करतं. म्हणजे असे क्षार असलेल्या, जड पाण्यातला चहा लवकर गढुळतो.

जड पाण्याच्या कोऱ्या चहावर आणखी एक गोष्ट दिसते. कप पाच मिनिटं नुसता ठेवला तर वर तेलासारखा चकाकणारा पातळ तवंग येतो, आणि चमचा फिरवला की त्याच्या चिरफळ्या होतात. पुष्कळांना वाटतं की चहापुडीला काहीतरी लावलेलं आहे. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या मायकेल स्पायरो आणि देओ जगान्यी या रसायनशास्त्रज्ञांनी १९९३ च्या सुमारास या तवंगाचा पिच्छा पुरवला. त्यांना आढळलं की तो तेलाचा नसून कॅल्शियम कार्बोनेट आणि हवेशी संयोग पावलेली चहातली द्रव्यं यांचा आहे. पाणी मृदू केलं की तवंग येत नाही, आणि आम्ल घातलं तरीही येत नाही. लिंबाचा पहिला उपयोग इथेच झाला. सायट्रिक आम्ल कार्बोनेट टिकू देत नाही आणि कॅल्शियमला स्वतःशी बांधून ठेवतं.

फिल्टर नसेल तर सोपा उपाय आहे. पाणी पाच-दहा मिनिटं खळखळ उकळायचं आणि झाकून तासभर स्थिर ठेवायचं. विरघळलेल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन ते तळाला बसतं. वरचं पाणी न हलवता दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यायचं आणि चहा त्याचा करायचा. असा चहा आणि थेट बोअरच्या पाण्याचा चहा काचेच्या दोन पेल्यांत शेजारी ठेवून पाहा. मी पाहिला, तेव्हापासून आमच्याकडे चहाचं पाणी वेगळं असतं.

अक्कलकोटहून सुट्टीला आलेला भाचा त्या दिवशी ओट्याला टेकून उभा होता. पेल्यात निवलेला कोरा चहा घेऊन मी लिंबाची फोड पिळली. रस पडला त्या जागी आधी एक फिका ढग उमटला, तो खाली उतरत गेला, आणि चमचा फिरवेपर्यंत गडद तपकिरी चहा मधाच्या रंगावर आला.

“मावशी, बघ की, रंगच उडाला! पाणी घातलीस काय?”

पाणी घातलं नव्हतं. थिअरुबिजिन स्वतःच सौम्य आम्लं आहेत. साध्या चहात त्यांच्यातले काही रेणू हायड्रोजन सोडून विद्युतभारित झालेले असतात, आणि त्या रूपात त्यांचा रंग गडद असतो. लिंबाने आम्लता वाढली की ते हायड्रोजन परत घेतात आणि फिके होतात. शाळेत लिटमसचा कागद करतो तेच काम इथे चहा करतो. मग आम्ही उलटंही करून पाहिलं. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर खायचा सोडा घातला तर चहा काळपट लाल झाला, जवळजवळ काकवीसारखा. त्याच पेल्यात लिंबू पिळलं, तो फसफसला आणि पुन्हा फिका झाला. भाच्याने हे चार वेळा केलं आणि माझी दोन लिंबं संपवली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हा प्रयोग दुधाच्या चहावर करू नये. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त) ४.६ च्या आसपास गोळा होतं, आणि लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ असतो. चहा लगेच फाटतो.

आता गार करण्याचं गणित. इथे बहुतेकांचा चहा बिघडतो, आणि हॉटेलातला आइस टी पाणचट लागतो तोही याचमुळे. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. फ्रीजरमधला बर्फ उणे १५ अंशांवर असतो. तो आधी शून्यावर यायला, मग वितळायला आणि मग पाच अंशांपर्यंत तापायला एकूण साधारण ९२ कॅलरी घेतो. पेल्यात २०० ग्रॅम चहा ८५ अंशांचा आहे आणि तो ५ अंशांवर आणायचा आहे. काढून टाकायची उष्णता झाली २०० गुणिले ८०, म्हणजे १६,००० कॅलरी. भागाकार करा, बर्फ लागतो पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. तो सगळा चहात उतरतो. दोनशेचा चहा पावणेचारशेचा होतो आणि चव निम्मी. तोच चहा आधी ३० अंशांपर्यंत निववून घेतला तर उष्णता उरते ५,००० कॅलरी, आणि ५५ ग्रॅम बर्फात, तीन-चार खड्यांत, काम भागतं.

मग पंचाऐंशीचा चहा तिसावर आणायचा कसा, तेही घरात ३८ अंश असताना? आपल्याला हे माठाने शिकवून ठेवलं आहे. पाण्याचा एक ग्रॅम हवेत उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे एक ग्रॅम बर्फ वितळताना घेतो त्याच्या सातपट. आणि पाणी उडायला हवा कोरडी लागते. मुंबईच्या दमट हवेत माठ नावापुरता गार होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडकडीत वाळतो. ज्या हवेने ओठ फुटतात तीच हवा चहा फुकट निववून देते. स्टीलच्या पातेल्यात चहा गाळावा, पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवावं, भोवती सुती फडकं असं गुंडाळावं की त्याची टोकं परातीत बुडलेली राहतील, आणि पंखा सोडावा. फडकं पाणी वर ओढत राहतं आणि पाणी उडत राहतं. चहा परातीतल्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला येऊ शकतो.

गार चहा लोकप्रिय झाला तो अमेरिकेत. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचा प्रचार करायला गेलेले रिचर्ड ब्लेचिंडेन यांच्या नावावर त्याचा शोध खपवला जातो. ते खरं नाही. गार चहाच्या कृती तिथे १८७० च्या दशकातच छापल्या गेल्या होत्या. पण उकाड्यात गरम चहाकडे लोक फिरकेनात तेव्हा बर्फ घालून पाजलेला तो भारतीय चहा होता, हे सांगायला मला आवडतं.

साखर चहा गरम असतानाच घालावी. गार पाण्यातही साखर भरपूर मावते, पण विरघळण्याचा वेग फार मंदावतो आणि अर्धी तळाशी बसून राहते. शिवाय थोडी जास्त लागते. जिभेवरच्या गोडाची चव कळवणाऱ्या पेशींत एक प्रथिन असतं. ते गारव्यात मंद आणि कोमटात तल्लख काम करतं. म्हणून कोमट असताना अती गोड वाटलेला चहा बर्फ पडल्यावर बेताचा लागतो.

लिंबाचा क्रम मात्र शेवटचा. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं हे एक कारण. त्याहून मोठं कारण वासाचं आहे. लिंबाचा वास रसात कमी आणि सालीत जास्त असतो. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या आहेत आणि त्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं. गरम चहात ते वाफेबरोबर उडून जातं. निवलेल्या चहावर साल दुमडून चिमटा काढा, फवारा डोळ्यांना दिसतो. हीच साल फुगवलेल्या फुग्याजवळ दाबली तर फुगा फुटतो, कारण लिमोनीन रबर विरघळवतं.

सालीची आठवण करून देण्याचं कारण लिंबाचा भाव आहे. ऐन उन्हाळ्यात लिंबू महागतं ते काही फक्त मागणीमुळे नाही. कागदी लिंबाला आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार, म्हणजे फुलोरे, येतात. मार्च ते मेमध्ये मिळणारं फळ हस्त बहाराचं, आणि तो बहार धरणं सगळ्यात अवघड. झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, तेव्हा परतीचा पाऊस असतो, मग फूल कमी लागतं. आपल्या जिल्ह्यात ज्यांच्या लिंबाच्या बागा आहेत त्यांना हे सांगायला नको. इतक्या मोलाचं फळ पिळून साल टाकून द्यायची, हे मला पटत नाही. फक्त सालीच्या आतला पांढरा भाग चहात पडू देऊ नका, तो कडू असतो.

आमच्या घरचं प्रमाण असं: निवळलेलं एक लिटर पाणी, उकळी आली की गॅस बंद, मग चार छोटे चमचे चहापूड आणि तीन मिनिटं झाकण. दाणेदार सीटीसी पूड पान कुस्करून केलेली असते, ती चटकन उतरते, म्हणून पुडीसकट उकळू नये. उकळली की तुरट द्रव्यं जास्त येतात, ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडं पडतं. गाळून पाच-सहा चमचे साखर आणि चिमूटभर मीठ. निवल्यावर दोन लिंबं. पानाचा चहा असेल तर गरम पाण्याचीही गरज नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात पानं घालून सहा-सात तास फ्रीजमध्ये ठेवली तर कॅफीन आणि तुरटपणा दोन्ही कमी उतरतात आणि असा चहा सहसा गढूळ होत नाही.

काही जण चहाची बरणी गच्चीवर उन्हात ठेवून ‘सूर्यचहा’ करतात. आपल्या उन्हात ते सहज जमेल असं वाटतं, पण करू नये. बरणीतलं पाणी चाळीस-पन्नास अंशांवर तासन् तास राहतं. जंतू मरायला ते पुरेसं नाही आणि त्यातल्या काहींना वाढायला सोयीचं आहे. बर्फाचंही तेच, गोठवल्याने जंतू मरत नाहीत. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. तसा बर्फ पेयात दिसला तर पेला परत करावा. घरी उकळलेल्या पाण्याचाच बर्फ लावावा.

घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यांनी कोणताही चहा जेवणाला लागून पिऊ नये. डाळी-भाज्यांतलं लोह चहातली द्रव्यं अडवतात. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याची थोडी भरपाई करतं, पूर्ण नाही. आणि उन्हाचा झटका बसलेल्या माणसाला गार चहा देऊन भागत नाही, त्याला सावलीत आणून अंग ओलं करायचं आणि दवाखाना गाठायचा.

लिंबं संपल्यावर भाच्याने मोसंबी घालू म्हणून हट्ट धरला. घातली, चहा सुरेख झाला, उरलेला त्याने संध्याकाळसाठी झाकून ठेवला. संध्याकाळी एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं, कडूजार. मोसंबीच्या गरात लिमोनिन नावाच्या द्रव्याचं एक पूर्वरूप असतं. नाव वासाच्या तेलासारखंच ऐकू येत असलं तरी हे द्रव्य वेगळं आणि फार कडू आहे, पूर्वरूपाला मात्र कडू चव नसते. फळ पिळलं की रसाच्या आम्लात त्याचं हळूहळू त्या कडू द्रव्यात रूपांतर होतं आणि तास-दोन तासांत जिभेला कळतं. रसाच्या गाडीवर मोसंबी आपल्यासमोर पिळून देतात ते योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी भाच्याने चहा आधी पेल्यात ओतला, बर्फ टाकला, आणि मग मोसंबी कापली.