क्रिबेन्सिस नेमका कोणता? पोटाच्या लालीवर जाऊ नका

मत्स्यालयाच्या दुकानात ‘क्रिबेन्सिस’ मागितला की लालबुंद पोटाचा, अंगावर काळा पट्टा असलेला बोटभर मासा पिशवीत घालून देतात. बहुतेक वेळा तो क्रिबेन्सिस नसतो. तो असतो पेल्विकाक्रोमिस पल्चर, नायजेरियाच्या दक्षिणेकडच्या ओढ्या-नद्यांमधला. क्रिबेन्सिस हे नाव बूलेंजर या मत्स्यशास्त्रज्ञाने १९११ साली कॅमेरूनमधल्या क्रिबीच्या माशाला दिलं होतं. पुढे त्या माशाची रवानगी टीनिएटस या जातीत झाली आणि नाव बाजारात पल्चरलाच चिकटून राहिलं. २०१४ मध्ये आंतोन लाम्बोय आणि सहकाऱ्यांनी या गटाची फेरतपासणी केली. नायजेरिया-बेनिनकडचे ते टीनिएटस, कॅमेरूनचे पुन्हा क्रिबेन्सिस, आणि कॅमेरूनमधल्याच वूरी नदीकडची ड्राखेनफेल्सी ही नवी जात, अशी विभागणी झाली.

म्हणजे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या निदान चार जाती. तरीही मोबाईलवर काढलेला एक फोटो पुढे केला जातो, ‘ही कोणती?’ असं विचारलं जातं, आणि पोटाच्या लालीवरून कुणीतरी छातीठोक उत्तर देतं. फोटोवरून मासा ओळखून देणाऱ्या ॲपचंही तेच. रंग कसा तयार होतो हे एकदा कळलं की असं उत्तर देणं का चुकीचं, ते आपोआप कळतं. मला या माशांमधली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

माशाच्या कातडीत रंगपेशी असतात. त्यांतल्या काळ्या पेशीत मेलॅनिनचे कण असतात, एकेक कण मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढा. पेशीच्या मध्यापासून कडेपर्यंत छत्रीच्या काड्यांसारख्या सूक्ष्मनलिका पसरलेल्या असतात आणि कण त्यांच्यावरून ये-जा करतात. आत ओढणारं प्रथिन डायनिन, बाहेर नेणारं कायनेसिन. सगळे कण मध्यावर गोळा झाले की पेशी जवळजवळ पारदर्शक दिसते, पसरले की काळीभोर. हुकूम कुणाचा? मज्जातंतूच्या टोकातून नॉरॲड्रेनॅलिन आलं की पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन घटतं आणि कण आत पळतात. एमएसएच हे संप्रेरक आलं की तेच रसायन वाढतं आणि कण पसरतात. हा खेळ काही सेकंदांत ते काही मिनिटांत उरकतो. वेगवेगळ्या भागांतल्या पेशींना वेगवेगळा हुकूम जाऊ शकतो, म्हणून अंगभर लांब गेलेला पट्टा फिका पडून त्याच माशावर उभे पट्टे उमटू शकतात. घाबरलेला, भांडणारा, झोपलेला आणि पिल्लं सांभाळणारा असा एकच मासा चार वेगळ्या जातींचा वाटावा!

लाल-पिवळ्या पेशींची गोष्ट निराळी. त्यांतली कॅरोटिनॉइड्स ही रंगद्रव्यं मासा स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातून यावी लागतात. म्हणजे पोटाची लाली काही अंशी आहारावर ठरते. आणि निळी-जांभळी झाक? तिच्यामागे बहुधा निळं रंगद्रव्यच नसतं. ग्वानिनच्या पातळ स्फटिकांचे थर प्रकाश परतवतात, त्या लहरींच्या व्यतिकरणातून, म्हणजे त्या एकमेकींत मिसळण्यातून, निळा रंग दिसतो. थरांमधलं अंतर आणि प्रकाशाचा कोन बदलला की रंगही बदलतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोतली झाक म्हणूनच पुराव्याला धरता येत नाही.

याच सिक्लिड कुळातल्या संकरित फ्लॉवरहॉर्नच्या अंगावरच्या काळ्या खुणांत चिनी शुभाक्षरं वाचली जातात, आणि तो मासा घरात ठेवला की वास्तुदोष जातो असं सांगून भरमसाट पैसे घेतले जातात. त्या खुणाही याच मेलॅनिनच्या पेशी आहेत. तिथे कुणी काही लिहिलेलं नाही.

मग ओळखायचं कशावरून? रंगपेशी कुठे आहेत हे अनुवंशाने ठरतं, त्या आत्ता किती गडद आहेत हे माशाच्या मनःस्थितीवर. आपण पहिली गोष्ट शोधायची. नर घ्या आणि त्याची शेपटी नीट पाहा. पल्चरच्या नरात शेपटीच्या वरच्या भागात पिवळसर कड असलेले गोल काळे ठिपके असतात, कधी एक, कधी चार-पाच, आणि खालचा भाग बराचसा कोरा. टीनिएटस-क्रिबेन्सिस गटात वर ठिपके असू शकतात, पण खालच्या अर्ध्या भागातही बारीक नक्षी असते. अंगानेही हा गट सडपातळ, पल्चर जरा भरीव. अल्बिनो पल्चरमध्ये मेलॅनिनच नसल्याने हे काळे ठिपके मिळणार नाहीत, तिथे अंगलटीवरच भिस्त.

नर-मादी ओळखायला पोटाखालचे जोडपर उपयोगी: नरात टोकदार, मादीत गोलसर. एकट्या मादीवरून जात सांगायचा हट्ट मात्र करू नये, जोडीतला नर पाहावा.

नराचा गळा लाल की पिवळा, यावरूनही जात ठरत नाही. पल्चरमध्ये हे दोन्ही नर एकाच जातीत असतात आणि हा रंग आयुष्यभर टिकतो. मार्टिन व टाबोर्स्की यांच्या १९९७ च्या अभ्यासात लाल नर एकाहून अधिक माद्या राखताना दिसले, तर काही पिवळे नर त्यांच्याच हद्दीत दुय्यम नर म्हणून राहत होते. शिवाय पिल्लं लहान असताना पाणी आम्लधर्मी असेल तर नर जास्त निपजतात आणि त्यांतल्या लाल-पिवळ्याचं प्रमाणही बदलतं. ज्या खुणेवर टाकीतल्या पाण्याचा सामू असा परिणाम करतो, ती जातीची खूण कशी मानणार?

खऱ्या क्रिबेन्सिसमध्ये तर गावागणिक रंग बदलतो. मोलिवे, नांगे, लोबे, किएंके ही सगळी एकाच जातीची ठिकाणं, पण मासे वेगवेगळे दिसतात. त्यांची आपसात वीण झाली की पुढच्या पिढीची ओळख कुणालाच पटवता येत नाही. म्हणून विकणाऱ्याला मूळ नदी किंवा गाव विचारा, ते टाकीवर लिहून ठेवा, आणि वाढवलेली पिल्लं देताना जातीच्या नावासोबत तेही लिहून द्या. ठिकाण माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवा, अंदाजाने नाव घालू नका.