शर्टाच्या चिठ्ठीतला अँटेना

मोबाइलवर ‘दुकानात उपलब्ध’ असे वाचून ग्राहक दुकानात जातो, आणि तिथे नेमका तोच शर्ट सापडत नाही. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष खरेदी एकत्र आणण्याची चर्चा निघाली की कपडा अंगावर कसा दिसेल ते पडद्यावर दाखवणाऱ्या आभासी आरशांचे कौतुक फार होते; खरा अडसर मात्र साधा आहे. कोणती वस्तू या क्षणी कुठे आहे, हे संगणकाला ठाऊक नसते.

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी 26 जून 1974 रोजी च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड वाचून बिल झाले, तेव्हा या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. अर्धेच, कारण बारकोड सहसा वस्तूचा प्रकार सांगतो, नग नव्हे. एकाच रंगाच्या आणि मापाच्या शंभर शर्टांवर त्याच रेघा असतात, त्यामुळे भलत्याच खणात गेलेला शर्ट हिशेबात शिल्लक दिसतो आणि प्रत्यक्षात हरवलेला असतो.

उरलेले उत्तर आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी वस्तू ओळखू देणाऱ्या, चिठ्ठीत आहे. ती उजेडासमोर धरली की आत धातूची नागमोडी पट्टी दिसते. तो अँटेना, आणि मधोमध खसखशीच्या दाण्याहून लहान चिप. तिला बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या 860 ते 960 मेगाहर्ट्झ पट्ट्यातील रेडिओलहरींवरच ती जागी होते, आणि स्वतः लहरी न सोडता आलेल्याच लहरी कमी-अधिक परावर्तित करून, म्हणजे आरशाचा कवडसा हलवून खुणा कराव्यात तशी, आपला क्रमांक कळवते. हा क्रमांक बहुधा 96 बिटांचा, प्रत्येक नगाचा वेगळा असतो. सगळ्या चिठ्ठ्या एकदम बोलू लागल्या तर गोंधळच व्हायचा. म्हणून प्रत्येक चिप एक यादृच्छिक संख्या निवडते आणि त्यानुसार आपली पाळी येईपर्यंत गप्प राहते. अशा रीतीने सेकंदाला शेकडो चिठ्ठ्या, काही मीटरवरूनही, वाचता येतात.

कपड्यांना हे सहज जमते. पाणी या लहरी शोषून घेते आणि धातू त्या परतवतो, त्यामुळे शीतपेयांच्या डब्यांपुढे हीच चिठ्ठी अडखळते. किराण्यासाठी ॲमेझॉनने कॅमेरे आणि फळ्यांमधील संवेदक वापरून पाहिले. सिअ‍ॅटलमधले तसे दुकान जानेवारी 2018 मध्ये सर्वांसाठी खुले झाले, पण 2024 मध्ये कंपनीने आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ती पद्धत काढून स्मार्ट ट्रॉलीवर भर देण्याचे ठरवले.

विकलेल्या शर्टाने रस्त्यात कुणालाही आपला क्रमांक सांगू नये, म्हणून चिप कायमची मूक करण्याची आज्ञा या चिठ्ठ्यांच्या तांत्रिक मानकातच आहे. ती दिली की ग्राहकाची खासगी बाब सुरक्षित राहते. तोच शर्ट परत करायला आणला, तर मात्र दुकानदाराला पुन्हा बारकोडच शोधावा लागतो.