पहिली घटनादुरुस्ती (१९५१)

भारताच्या राज्यघटनेत झालेला पहिला बदल. घटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते, पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायची होती. तेवढ्यात हंगामी संसदेने हा कायदा केला. १८ जून १९५१ पासून तो अंमलात आहे. विधेयक पंतप्रधान नेहरूंनी मांडले. त्याची मुळे शोधू गेल्यास बरीचशी मुंबईत सापडतात.

रोमेश थापर मुंबईतून ‘क्रॉसरोड्स’ नावाचे इंग्रजी साप्ताहिक काढत. १९५० साली मद्रास सरकारने सार्वजनिक सुव्यवस्थेचे कारण देऊन त्याला राज्यात यायला बंदी केली. थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले: ‘राज्याची सुरक्षितता’ वेगळी, ‘सुव्यवस्था’ वेगळी, आणि भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणे सांगणाऱ्या अनुच्छेद १९(२) मध्ये दुसरी नव्हतीच. दुरुस्तीने ती घातली, तीही पूर्वलक्षी प्रभावाने. सोबत ‘वाजवी’ हा शब्दही आला. निर्बंध वाजवी आहे का, हे तेव्हापासून न्यायालय तपासते. लेखन-भाषणाच्या बाजूने दुरुस्तीत जमेला धरावे असे एवढेच.

मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारे अनुच्छेद १५(४) याच दुरुस्तीतले.

मात्र कोकणातल्या माणसाच्या दृष्टीने खरा मुद्दा नवव्या अनुसूचीचा, म्हणजे याच दुरुस्तीने घटनेला जोडलेल्या कायद्यांच्या यादीचा. मूलभूत हक्कांशी विसंगत म्हणून रद्द होऊ नयेत, यासाठी तीत १३ कायदे ठेवले गेले. पैकी सहा मुंबई राज्याचे: १९४८ चा कूळकायदा, खोती नष्ट करणारा कायदा, परगणा व कुलकर्णी वतने संपवणारा कायदा, आणि मालेकी, तालुकदारी व मेहवासी या जमीन धारण करण्याच्या पद्धती संपवणारे तीन. खोत गावाचा सारा गोळा करून सरकारात भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा घेई. अर्धेलीत भाताची निम्मी रास खोताच्या घरी जाई, वेठ वेगळीच. परळ-लालबागच्या गिरण्यांत रत्नागिरीची माणसे भरली, त्यात या व्यवस्थेचाही हात होता. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक आणले होते. ते काही मंजूर झाले नाही. पुढे कायदा झाला, आणि १९५१ साली त्याला घटनेचे कवच मिळाले तेव्हा कायदामंत्री आंबेडकरच होते.

जमीनदारांनी दुरुस्तीलाच आव्हान दिले. शंकरीप्रसाद खटल्यात ऑक्टोबर १९५१ मध्ये ते फेटाळले गेले. पण कवच मिळते म्हटल्यावर सरकारांना त्याची चटक लागली. अनुसूची फुगत २८४ नोंदींवर गेली आणि जमिनीशी संबंध नसलेले कायदेही तीत शिरले. अखेर २००७ मध्ये कोएल्हो खटल्यात न्यायालयाने लगाम घातला: २४ एप्रिल १९७३ नंतर, म्हणजे संसदेलाही मोडता येणार नाही अशा मूलभूत चौकटीचा सिद्धांत केशवानंद खटल्यात मांडला गेला त्या दिवसानंतर, घातलेला कायदा घटनेच्या त्या चौकटीवर तपासता येईल. मुंबईचे हे सहा त्याआधीच आत गेलेले असल्याने त्यांना झळ बसली नाही.