शेवंती आणि ॲस्टर: कोणती कुंडी राखायची, कोणती रिकामी करायची

दरवर्षी फेब्रुवारी लागला की जळगाव, धुळे, भुसावळकडच्या गच्च्यांवर एकच प्रकार दिसतो. फुलून संपलेली शेवंती ‘वाळली’ म्हणून कचऱ्यात जाते आणि शेजारच्या कुंडीतल्या ॲस्टरच्या काड्यांना ‘फुटेल पुन्हा’ या आशेवर मे महिन्यापर्यंत पाणी घातलं जातं. व्हायला हवं ते याच्या अगदी उलट. त्यात काही रोपवाटिकांत ‘ॲस्टर शेवंती’ अशी पाटी लावतात. ती वाचून घेणाऱ्याचा गोंधळ होणारच. कृपा करून दोन्ही रोपांवर वेगवेगळी नावं लिहा.

शेवंती घराघरांत ठाऊक आहे. झिप्री, राजा या तिच्या जाती हारात ओवलेल्या असतात, त्यामुळे तिचं वर्णन इथे करत नाही. ॲस्टर, म्हणजे आपल्याकडे हारात आणि फुलदाणीत येणारा चायना ॲस्टर, ओळखायचा तर पाकळ्यांकडे बघू नका, फूल उलटं करा. ॲस्टरच्या फुलाखाली लांबट हिरव्या पानांसारखं मोठं कडं असतं. शेवंतीच्या फुलाखाली बारीक, एकावर एक दाटलेले खवले असतात आणि त्यांची कड कागदासारखी पातळ असते. पान चुरगळून पाहिलं तर शेवंतीला उग्र वास येतो, ॲस्टरला तसा येत नाही. निळसर जांभळा रंग असेल तर तो ॲस्टरच, कारण शेवंतीत निळा रंग नाही. ओळखीपुरतं एवढं पुरे.

खरा घोळ ओळखण्यात नसून पुढच्या वर्षीचं झाड कुठून येणार, यात आहे.

ॲस्टर एकहंगामी आहे. बी पडतं, रोप वाढतं, फुलतं, बी धरतं आणि मुळासकट मरतं. जमिनीखाली काहीही राखून ठेवलेलं नसतं, त्यामुळे कितीही पाणी घाला, फुटवा येणार नाही. शेवंती बहुवर्षायू आहे. तिची वरची काडी वाळते, पण बुडाशी मुळं जिवंत असतात आणि काडीपासून थोड्या अंतरावर मातीतून नवे मुनवे, म्हणजे मुळाशी फुटणारी पिल्लं, वर येतात. खान्देशातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये. केळीचा घड कापल्यावर जुन्या खांबाचं काम संपतं आणि पीलबाग, म्हणजे पुढचं पीक, मुनव्यावरच धरली जाते, तसंच हे आहे.

म्हणून जानेवारीअखेर फुलं संपली की शेवंतीच्या काड्या मातीपासून १० ते १२ सेंमीवर छाटा. १२ इंची कुंडीत दोन मुठी जुनं शेणखत आणि एक मोठा चमचा निंबोळी पेंड मिसळा. तीन-चार आठवड्यांत मुनवे दिसतात. जुन्या काडीवर फुटलेले कोंब घेऊ नका, मातीतून आलेलेच घ्या, कारण त्यांना स्वतःची मुळं असतात. ८-१० सेंमी उंच झाले की मार्च तापायच्या आत ते वेगळे करून ६ इंची कुंड्यांत लावा. माती, वाळू आणि चाळलेलं शेणखत समान घ्या. नुसती काळी कापसाची माती भरू नका. ती ओली झाली की चिकटून बसते, वाळली की भेगाळते आणि दोन्ही वेळा मुळं तुटतात किंवा कुजतात.

शेवंती आपल्याकडे मरते ती एप्रिल-मेमध्ये. पारा ४५ च्या आसपास गेला की लोक घाबरून दुपारी बादलीभर पाणी ओततात. तापलेल्या ओल्या मातीत मूळ कुजतं, पानं माना टाकतात, ते पाहून आणखी पाणी घातलं जातं आणि आठवड्यात रोप जातं. या दोन महिन्यांत फुलं मिळवायची नसतात, रोप फक्त जिवंत ठेवायचं असतं. पूर्वेकडची भिंत, वर ५० टक्के शेडनेट, सकाळी आणि संध्याकाळी थोडं पाणी, खत बंद. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात ठेवूच नका. मातीच्या वापरा.

पाऊस चांगला लागला की या रोपांचे ५-७ सेंमीचे शेंडे काढा, खालची पानं तोडा आणि वाळूत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. जुलैत ८ ते १० इंची कुंडीत लावून तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडा, जमलं तर आणखी एकदा. ऑगस्ट संपल्यावर मात्र खुडणं बंद, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील. जुनाच ठोंब तसाच वर्षानुवर्षं ठेवणारे ‘फुलं बारीक झाली’ म्हणतात. ती होणारच, इतके मुनवे एका कुंडीत दाटल्यावर.

नोव्हेंबरमध्ये विकत आणलेली बुटकी, गच्च फुललेली कुंडी पुढच्या वर्षी उंच वाढली तर जात बदलली असं समजू नका. बुटकी ठेवण्यासाठी तिच्यावर वाढ रोखणारं औषध मारलेलं असतं, त्याचा परिणाम ओसरतो. आणि शेवंती हिरवीगार असून कळी धरत नसेल, तर रात्री वर बघा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. रस्त्याच्या दिव्याखालची किंवा गच्चीच्या बल्बखालची कुंडी म्हणूनच नुसती पानं वाढवते. तिला खत नको, अंधार द्या.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक युरिया घालतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत हे बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं. लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी फवारा.

ॲस्टरचं काम सोपं आहे, फक्त दरवर्षी नव्याने करायचं. बी ताजंच हवं. जुन्या बियांची उगवण झपाट्याने घटते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले गणेश’ मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे वाण चांगले आहेत. जूनअखेर पेरलं तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलं तर थंडीत फुलं मिळतात. महिन्याभराची रोपं ३० बाय ३० सेंमीवर लावा. जानेवारीनंतर पेरू नका, कळ्या उन्हात करपतात. आदल्या वर्षी ज्या वाफ्यात ॲस्टर होता तिथे पुन्हा लावू नका, कारण मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. कुंडीत लावत असाल तर माती पूर्ण बदला, आणि काढलेली माती दुसऱ्या ॲस्टरला देऊ नका. शेवंतीला ती चालते, ॲस्टरची ही मर तिला लागत नाही.